पुठ्ठ्याच्या ढाली आणि अकरा दिवस अडलेला फॉर्म

मी इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेत शिकवते. इथल्या अभ्यासक्रमात सात ते अकरा वर्षांच्या मुलांना रोमन साम्राज्य आणि त्याचा ब्रिटनवर झालेला परिणाम शिकवायचा असतो. त्यालाच मी सूचनालेखन जोडलं: रोमन सैनिकांची 'टेस्टुडो', म्हणजे ढाली समोर आणि डोक्यावर धरून केलेली कासव-रचना, कशी करायची ते लिहा आणि मैदानावर करून दाखवा.

ढाली एका दुपारी झाल्या. गाडं अडलं ते सुरक्षिततेच्या फॉर्मपाशी. पहिल्यांदा तो परत आला, "कृती स्पष्ट करा" म्हणून. दुसऱ्यांदा प्रश्न आला, "ढाली डोक्यावर असताना मागच्या मुलांना समोरचं दिसणार कसं?" यात अकरा दिवस गेले. कोपऱ्यातल्या ढालींच्या मुठी सुटायला लागल्या. मुलं रोज सकाळी विचारायची, "आज करायचं?" मला अजून राग येतो. कुणी वर्गात डोकावून विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

प्रश्न मात्र रास्त होता. मी तो जसाच्या तसा फळ्यावर लिहिला. तोवर वह्यांमध्ये "मग आम्ही ढाली उचलल्या, खूप मजा आली" अशी गोष्टच उतरत होती, आज्ञार्थ काही केल्या येईना. आता उत्तर द्यायचं होतं, तर एका मुलीनं लिहिलं: "पहिली रांग, ढाल हनुवटीपर्यंत धरा. मागच्यांनो, ढाल डोक्यावर आडवी घ्या. सेंच्युरियन 'डावा' म्हणेल तेव्हाच पाऊल टाका." (सेंच्युरियन म्हणजे रोमन तुकडीचा नायक.) तोच कागद फॉर्मला जोडला. दुसऱ्या दिवशी मंजुरी!

म्हणून सांगते, फॉर्म पहिल्याच दिवशी भरा, आणि मुलांच्या सूचना जोडूनच द्या. गट आठ-आठांचे करा. रोमन सैन्यात एका तंबूत आठच जण राहत आणि असे दहा तंबू मिळून सेंच्युरियनची 80 जणांची तुकडी होई. हो, पुठ्ठा थोडा वाकवून घ्या, खरी ढालही बाकदारच असे. आणि रोममधल्या सम्राट ट्राजनच्या स्तंभावरचं कासवाचं शिल्प आधी दाखवा. मी ते शेवटी दाखवलं, ती चूक झाली.

सूचना तपासायला कागद शेजारच्या वर्गाला दिला. माझ्या मुलांनी तोंडातून शब्द काढायचा नाही, एवढीच अट. एका गटाच्या कागदावर "रांगेत उभे राहा" हे "ढाल उचला"च्या नंतर होतं. ढाली एकमेकींवर आपटल्या आणि लिहिणाऱ्यानं तिथंच गुडघ्यावर कागद ठेवून क्रम बदलला. पुढच्या खेपेला आठ जणांचं कासव मैदान ओलांडून कुंपणापर्यंत गेलं.