एमएल वेगळं ठेवा, एवढंच सांगायचंय

मी बल्क ड्रगच्या प्लांटला प्रॉडक्शनमध्ये आहे. सर्क्युलर इकॉनॉमी हा शब्द हल्ली प्रत्येक ट्रेनिंगमध्ये येतो पण आमच्याकडे त्याचं साधं नाव सॉल्व्हंट रिकव्हरी, म्हणजे वापरलेलं सॉल्व्हंट शुद्ध करून परत वापरणं, आणि माझं म्हणणं असं की ती डिस्टिलेशनच्या कॉलमवर होतच नाही, माल गाळणाऱ्या सेंट्रीफ्यूजखालच्या व्हॉल्व्हवर होते. म्हणजे एमएल (मदर लिकर, माल गाळल्यावर उरलेलं सॉल्व्हंटचं पाणी) कुठल्या टाकीत सोडलं तिथेच सगळं ठरतं.

रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये ई-फॅक्टर मांडला, एक किलो मालामागे किती किलो कचरा होतो तो आकडा. रिफायनरीत तो ०.१ च्या आसपास, औषधांमध्ये २५ पासून १०० च्याही वर. पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं, मग आमच्याच एका प्रॉडक्टचा बॅच शीट घेऊन बसलो आणि गप्प झालो. त्यात सगळ्यात जास्त वजन सॉल्व्हंटचं!

आता आमच्याकडची एक गोष्ट. सेकंड शिफ्टला टीएचएफचं (टेट्राहायड्रोफ्युरान, एक सॉल्व्हंट) एमएल आणि मिथेनॉलचं एमएल एकाच टाकीत गेलं. टीएचएफ उकळतं ६६ डिग्रीला, मिथेनॉल ६५ ला, वर दोघांचा अॅझिओट्रोप होतो, म्हणजे साध्या कॉलमवर कितीही रिफ्लक्स मारा, दोघं हात धरूनच वर येणार. आम्ही दोन दिवस स्टीम जाळली. शेवटी टँकर भरून सिमेंटच्या भट्टीत को-प्रोसेसिंगला पाठवलं. तिथे उष्णता मिळते हे खरं, पण जे सॉल्व्हंट अजून कितीतरी बॅच फिरलं असतं ते एकदाच वापरून जाळलं ना. ऑपरेटर मामा म्हणाले, "साहेब, दोन्ही पाण्यासारखंच दिसतंय, टाकी रिकामी होती म्हणून सोडलं." त्यांचं काय चुकलं, टाकीवर नुसता नंबर होता. नंतर आम्ही नावं मराठीत मोठ्या अक्षरांत रंगवली आणि होजचं कपलिंग प्रत्येक सॉल्व्हंटला वेगळ्या साइझचं केलं, आता चुकून जोडायचं म्हटलं तरी बसत नाही.

टीएचएफबद्दल अजून एक, हे नवीन पोरांनी नीट वाचा. त्यात स्फोटक पेरॉक्साइड होऊ नये म्हणून बीएचटी नावाचं स्टॅबिलायझर घातलेलं असतं, डिस्टिलेशनमध्ये ते खाली रेसिड्यूतच राहतं, म्हणजे वरून आलेलं रिकव्हर्ड टीएचएफ कितीही शुद्ध असलं तरी त्याला संरक्षण नाही. बीएचटी परत घाला, डिस्टिलेशनला चढवायच्या आधी पेरॉक्साइड टेस्ट करा आणि केटल (डिस्टिलेशनचं खालचं भांडं) कधीही कोरडी करू नका. माल वाचवायच्या नादात माणूस जायला नको.

टोल्युइन त्यामानाने सरळ, पाणी आपोआप खाली बसतं, लेयर कापली की झालं. एमडीसी (मिथिलीन डायक्लोराइड) मात्र ४० ला उकळतं, मे महिन्यात कूलिंग टॉवरचं पाणीच गरम, मग कंडेन्सरमधून निसटून व्हेंटने हवेत. रिकव्हरी कमी का येते म्हणून सगळे कॉलम तपासत बसतात आणि व्हेंटवर ब्राइनचा (थंडगार मिठाच्या पाण्याचा) कंडेन्सर आहे का हे कुणी बघतच नाही.

आणि आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. पाण्याबरोबर ते साधारण ८८ टक्क्यांवर अडकतं, पुढे सुकवायला मॉलिक्युलर सीव्ह नाहीतर मेम्ब्रेन लागतं, खर्च वाढतो. पण ज्या स्टेजला आपण पुढे स्वतःच पाणी घालतो तिथे कोरडं आयपीए हवंय कशाला? हा प्रश्न मी आर अँड डीला विचारला तर कुणाकडे उत्तर नव्हतं, पहिल्यापासून तसं लिहिलंय म्हणून तसं चाललंय. लॅबमध्ये ८८ टक्केवाल्यावर तीन ट्रायल घेतल्या, प्युरिटी आणि यील्ड दोन्ही जमलं. आता क्यूएच्या (क्वालिटी अॅश्युरन्स) चेंज कंट्रोलमध्ये, म्हणजे बदलाच्या मंजुरीसाठी, फाइल आहे, मी रोज सकाळी जाऊन विचारतो.