ब्रास, घनमीटर आणि 196 रुपये

कराडला 2003 साली मी आणि मेहुण्यांनी एक जुना ट्रक घेऊन वाळू-खडीचा पुरवठा सुरू केला. 2009 ला दुसरा ट्रक आला. मधली वर्षं चांगली गेली.

2014 साली एका ठेकेदाराने 1000 घनमीटर क्रश सँडचा, म्हणजे दगड भरडून केलेल्या वाळूचा, दर मागितला. आमचा दर ब्रासला, म्हणजे 100 घनफुटांना, 2800 रुपये. घनमीटरला 35.3 घनफूट हे डोक्यात पक्कं, म्हणून घाईत 2800 ला 3.53 ने भागलं आणि 793 लिहून दिले. भागायचं होतं 2.83 ने, एक ब्रास म्हणजे तेवढे घनमीटर. खरा दर 989. घनमीटरमागे 196 रुपये मी स्वतःच्या हाताने घालवले.

दिवसांचा हिशेब मात्र चोख होता. दोन ब्रासची गाडी, फेरीला अडीच तास, दहा तासांत चार फेऱ्या, म्हणजे गाडीमागे 8 ब्रास. 353 ब्रास दोन गाड्यांनी 22 दिवसांत पडणार होते. आठव्या दिवशी पहिलं बिल केलं आणि 71 हजारांचा खड्डा दिसला. ठेकेदारासमोर कागद मांडला. "दरावर सही तुमची आहे," एवढंच उत्तर मिळालं. बाजारभाव त्यांनाही ठाऊक होता, हे मी विसरलेलो नाही. क्रशरवाल्याचे पैसे भागवायला मेहुण्यांनी एक ट्रक विकला. मला एका शब्दाने बोलले नाहीत. उरलेला माल एका गाडीने महिनाभर ओढला.

त्याच काळात आमच्या रस्त्यावरचा दुसरा पुरवठादार दोन ब्रास सांगून गाड्या खाली करत होता. हौदा 10 बाय 7, भरती अडीच फूट. गुणा की! 175 घनफूट, पावणेदोन ब्रास. तरी स्वस्त म्हणून गिऱ्हाईक तिकडेच. ही लबाडी उघडी पाडली आमच्या जुन्या मिस्त्रीकाकांनी. इंचाच्या खुणा केलेली 12 मिमीची सळई त्यांच्या सायकलला कायम बांधलेली. चार कोपरे आणि मधोमध खुपसून पाच मापं घ्यायची, सरासरी काढायची.

घर बांधताय तर टेप घेऊन गाडीवर चढा, मागचा फाळका उघडायच्या आधी. दर ऐकण्याआधी ब्रासचा की घनमीटरचा ते विचारा. आणि ओलसर वाळू फुगते, बारीक असेल तर पाव हिश्शानेही. नुसती उंची बघून पैसे देऊ नका.

मिस्त्रीकाका अजून येतात. आमच्या गाडीतही सळई खुपसतातच. परवा एका कोपऱ्यात भरती दोन इंच कमी निघाली. आठ घमेली वाढवून टाकली, मगच मालाचं चलन फाडलं.