वनशेतीच्या तुकड्याची नोंद, दुसरे वर्ष: जाती मोजून झाल्या, आता पाला आणि मुळे

तुकडा १० गुंठ्यांचा, म्हणजे जवळपास १,००० चौरस मीटर. झाडांच्या ओळी पूर्व-पश्चिम, दोन ओळींत ५ मीटर अंतर. ओळींत गिरीपुष्प, हादगा, शेवगा आणि सीताफळ. मधल्या पट्ट्यांत मका, तूर व चवळी. झाडांच्या सावलीत हळद.

आधी विविधतेचा हिशेब. 'चार जाती लावल्या' एवढ्याने काहीच कळत नाही. प्रत्येक जातीचा वाटा दशांशात मांडायचा, त्याचा वर्ग करायचा, सगळ्या वर्गांची बेरीज करायची आणि १ ला त्या बेरजेने भागायचे. चारही जाती २५-२५ टक्के असतील तर उत्तर ४ येते. एकच जात ८५ टक्के आणि बाकीच्या तिन्ही ५-५ टक्के असतील तर बेरीज ०.७३ आणि उत्तर १.३७! कागदावर चार जाती, जमिनीवर जेमतेम दीड. गिरीपुष्पाचे फाटे सहज जगतात, त्यामुळे नांग्या भरताना हात आपसूक त्याकडेच वळतो आणि आकडा घसरतो. म्हणून मेलेल्या रोपाच्या जागी त्याच जातीचे रोप लावायचे, हा नियम कसोशीने पाळावा.

या हंगामाचे मुख्य काम पाल्याचे. गिरीपुष्प जमिनीपासून पाऊण ते एक मीटरवर छाटायचे, प्रत्येक खुंटावर एक पानांची फांदी राखायची. सगळेच बोडके केले तर फुटवे अशक्त येतात आणि मुळांवरच्या, हवेतला नत्र धरणाऱ्या गाठी झडतात. पावसाळ्यात सहा ते आठ आठवड्यांनी पुढची छाटणी. पाला पिकाच्या ओळीजवळ पसरायचा, पण खोडापासून १०-१५ सेंटीमीटर लांब. चिकटून राहिला तर बुंधा कुजतो.

१० किलो ओला पाला वाळून सुमारे २.२ किलो भरतो. त्यात नत्र (नायट्रोजन) ३.५ टक्के धरला तर ७७ ग्रॅम नत्र मिळतो. हा पाला झपाट्याने कुजतो, म्हणून वेळ साधणे महत्त्वाचे: मका गुडघ्याएवढा होण्याच्या सुमारास टाकला तर पिकाला सापडतो, पेरणीच्या महिनाभर आधी टाकला तर पहिल्या मोठ्या पावसात बराचसा नत्र मुळांच्या खाली निघून जातो. पाला लवकर कुजेल की नाही हे ओळखण्याची ढोबळ कसोटी अशी: नत्र २.५ टक्क्यांवर, लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारे द्रव्य) १५ टक्क्यांखाली आणि पॉलिफेनॉल (पानांतली तुरट द्रव्ये) ४ टक्क्यांखाली. झाडावरून पिकून गळालेले पान या कसोटीत सहसा बसत नाही, कारण गळण्याआधी झाड त्यातला बराच नत्र परत ओढून घेते. असा पाला मातीत मिसळला तर जिवाणू मातीतलाच नत्र खर्च करतात आणि मका पिवळा पडतो. तो वर आच्छादन म्हणून अंथरावा. हिरवा पाला खाली, वाळका वर. दोन्ही प्रकारचा पाला देणारी झाडे हवीत ती याचसाठी.

खरी उणीव स्फुरदाची, म्हणजे फॉस्फरसची. त्याच १० किलो पाल्यात मूलद्रव्य रूपातला स्फुरद जेमतेम ४-५ ग्रॅम, म्हणजे नत्राच्या सतराव्या हिश्शाच्या आसपास. मक्याला तो साधारण पाचवा-सहावा हिस्सा लागतो. गिरीपुष्प-हादग्यासारखे शेंगावर्गीय झाड हवेतून नत्र आणते, स्फुरद नाही; खोलवरचा थोडा वर आणते इतकेच. धान्याबरोबर तो दरवर्षी शेताबाहेर जातो. त्यामुळे कुजलेले शेणखत किंवा हाडांचे खत द्यावेच लागते. खताच्या पिशवीवरचा स्फुरदाचा आकडा ऑक्साइड (P₂O₅) रूपातला असतो, हे मात्र ध्यानात ठेवावे: मूलद्रव्याला २.२९ ने गुणले की तो मिळतो. स्फुरद कमी पडला की गाठीही कमी येतात. गाठ नखाने कापून पाहावी. आत गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे. हिरवट किंवा तपकिरी असेल तर थांबले आहे. युरिया सढळ हाताने दिला असेल तर गाठी मुळात धरतच नाहीत.

झाडांलगतच्या मक्याच्या दोन ओळी खुरटल्या की दोष सरसकट सावलीला दिला जातो. तपासणी सोपी आहे. झाडांच्या ओळीच्या एकाच बाजूला, खोडापासून ५०-६० सेंटीमीटरवर ४०-५० सेंटीमीटर खोल चर काढून मुळे तोडावीत. त्या बाजूचा मका सुधारला तर झगडा पाण्याचा आणि अन्नाचा आहे. नाही सुधारला तर फांद्या विरळ करा. दोन्ही बाजूंना एकाच वर्षी चर काढू नये, झाड वाऱ्याने कलते.

मातीचे नमुने झाडापासून ०.५, १.५ आणि २.५ मीटरवर, ०-१५ आणि १५-३० सेंटीमीटर खोलीचे, वेगवेगळे ठेवावेत. प्रत्येक अंतरावर ८-१० ठिकाणची माती एकत्र करून सावलीत वाळवावी. हंगाम दरवर्षी तोच, वाफसा असताना. सेंद्रिय कर्बाची (मातीतल्या कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातल्या कार्बनची) टक्केवारी वाढली म्हणून हुरळून जाऊ नये, मातीची घनताही मोजावी. ५ सेंटीमीटर व्यासाची, ५ सेंटीमीटर उंचीची कडी मातीत ठोकली की ९८ घन सेंटीमीटर माती मिळते. ती १०५ अंशांवर २४ तास वाळवून ग्रॅममधल्या वजनाला ९८ ने भागायचे. कर्ब १ टक्का, घनता १.३ आणि खोली १५ सेंटीमीटर असेल तर गुणाकार १९.५, म्हणजे हेक्टरी १९.५ टन कर्ब. आच्छादनाखाली माती भुसभुशीत होऊन घनता १.२ झाली, तर कर्ब १.०८ टक्के होऊनही साठा तेवढाच राहतो. प्रयोगशाळेची पद्धतही बदलू नये. वॉकली-ब्लॅक (रसायनाने कर्ब मोजण्याच्या) पद्धतीत सगळा कर्ब पकडला जात नाही, म्हणून आकडा १.३ ने गुणतात. कोरड्या ज्वलनाच्या, म्हणजे नमुना जाळून मोजलेल्या, आकड्याशी त्याची थेट तुलना होत नाही.

पुढची छाटणी हादग्याची. लाकूड मऊ, खालून तोडले तर फुटवे खात्रीने येत नाहीत, म्हणून शेंडा न तोडता फक्त बाजूच्या फांद्या घ्यायच्या.