ह्यात पोरी कुठंयत?

"आत्या, ह्यात पोरी कुठंयत?" भाचीनं मोबाईल माझ्यापुढं धरला.

२०२६ च्या हिवाळी ऑलिम्पिकमधली नॉर्डिक कम्बाइन्डची टीम स्प्रिंट. स्की म्हणजे पायाला बांधायच्या लांब पट्ट्या; त्यावरून उंच उडी आणि बर्फावरची शर्यत, असा हा जोडखेळ. दोघांची जोडी. आधी प्रत्येकाची एक स्की-उडी. उडीत गुण कमी पडले की त्या हिशोबानं उशिरा सुटायचं. मग स्कीवर दीड-दीड किलोमीटरचे फेरे आलटून पालटून, मिळून १५ किलोमीटर. एकानं येऊन हात लावला की दुसरा सुटलाच. काय दम लागत असेल!

पोरी मात्र नाहीतच. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये महिलांना जागा नसलेला हा एकच खेळ. २०२१ पासून त्यांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होते, तरी २०२२ मध्ये ऑलिम्पिक समितीनं त्यांना २०२६ साठी नकार दिला. कारण काय, तर खेळणारे देश कमी, प्रेक्षक कमी.

भाची पोलीस भरतीसाठी पहाटे अंबाजोगाईच्या रस्त्यावर पळते. बुटाचा अंगठ्याजवळचा फाटका भाग तिनं जाड दोऱ्यानं शिवलाय. ती एवढंच म्हणाली, "खेळूच दिलं नाही तर बघायला कोण येईल?"

मराठवाड्यात बर्फ दिसतो तो गारपिटीत. पण हे कारण आपल्याकडंही रोज ऐकते मी. पोरी येत नाहीत, म्हणून पोरींचा संघ नाही.

तुमच्या गावात संध्याकाळी मैदान पोरींना मिळतं का?