वाढत्या अंगाची स्लीपिंग बॅग

मागच्या जानेवारीत भंडारदऱ्याला, पाण्याच्या काठावर तंबूत राहिलो होतो. रात्री अडीचच्या सुमारास चिऊने मला हलवलं. "आई, माझे पाय गेले." हात घालून पाहिलं तर पावलं गारठून दगड झालेली. भाड्याने आणलेल्या त्या बॅगेवर ठळक छापलं होतं : उणे ८. बाहेर सात-आठ डिग्री असेल, उणे काही नव्हतं. उरलेली रात्र ती माझ्या बॅगेत आणि मी अर्धी बाहेर.

बॅग परत करण्याआधी आतलं लेबल नीट वाचलं. तिथे तीन आकडे होते. कम्फर्ट ९, लिमिट ५, एक्स्ट्रीम उणे ८. कम्फर्ट म्हणजे एखादी बाई निवांत झोपू शकेल ते तापमान. लिमिट म्हणजे पुरुष अंग चोरून कशीबशी रात्र काढेल ते. आणि एक्स्ट्रीम म्हणजे जीव वाचेल, झोपेचं बोलू नका. बाहेर मिरवायला अर्थात तिसराच आकडा! त्यात ही सगळी मोजणी मोठ्या माणसाच्या आकाराच्या पुतळ्यावर, अंगात कपडे घालून आणि खाली मॅट अंथरून करतात. या मोजणीचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ २३५३७, लहान मुलांच्या बॅगांना लागूच नाही. त्यामुळे मी आता फक्त कम्फर्ट बघते, आणि आठ डिग्रीची रात्र असेल तर चिऊसाठी दोन-तीनची बॅग धरते.

दुकानातला मुलगा म्हणाला, "ताई, मोठीच घ्या, वाढत्या अंगाची." नवऱ्यालाही ते पटलं. शाळेचा युनिफॉर्म आपण तसाच घेतो ना! पण बॅग स्वतः ऊब तयार करत नाही, अंगाची ऊब धरून ठेवते. चिऊ चार फुटांची. सहा फुटी बॅगेत तिच्या पायाखाली जी दोन फूट पोकळी उरते, ती तापवायची कुणी? भंडारदऱ्याला नेमकं तेच झालं होतं. (मोठी बॅग आधीच घरात असेल तर खालचा भाग दुमडून दोरीने आवळून टाका, काम भागतं.) आम्ही लहान मुलांच्या मापाचीच घेतली.

पिसांची नको म्हटलं. दव पडून पिसं ओली झाली की गोळा होतात आणि ऊब जाते, शिवाय चिऊ झोपताना दूध पिते. सिंथेटिक जड, पण ओली झाली तरी थोडीफार ऊब देते. एक गोष्ट मात्र दुकानातच तपासा : चेनच्या आतून कापसासारखं भरण असलेली जाड पट्टी वरपासून खालपर्यंत आहे का. नसली तर चेनच्या दातांमधून गार वारा सुईसारखा आत येतो. आणि पट्टी चेनमध्ये अडकत नाही ना, हे मुलालाच उघडझाप करायला लावून बघा.

राहिली जमीन. अंगाखाली बॅग दबते, तिथली ऊब जवळजवळ संपते. म्हणून मॅटवर सासऱ्यांची काळी घोंगडी अंथरली.

या डिसेंबरात हरिश्चंद्रगडाला जायच्या आदल्या रात्री पाचनईत एका घराच्या ओसरीवर झोपलो. टोपी ओढून चिऊचं नुसतं नाक बाहेर. पहाटे पाचला उठून पाहते तर चेन अर्धी उघडी, एक पाय बाहेर, मोजा गायब आणि कपाळावर चक्क घाम.

मी जागीच होते. घोंगडी तिच्याखाली होती ना.