डोस तोच, मग लेव्हल का बदलली?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. स्टेम सेल ट्रान्सप्लांट झालेल्या पेशंटच्या घरची माणसं रिपोर्ट माझ्यापुढे धरतात आणि म्हणतात, “गोळी तेवढीच, वेळही पाळली. मग टॅक्रोची लेव्हल मागच्या वेळी 9 होती, ती आज 16 कशी? आमचं काही चुकलं का?” टॅक्रो म्हणजे टॅक्रोलिमस, आणि लेव्हल म्हणजे त्याचं रक्तातलं प्रमाण. ट्रान्सप्लांट युनिटमध्ये औषधांच्या डोसचा हिशेब बघणं हे माझं काम आहे. त्यातला हा शेवटचा प्रश्न मला नेहमी लागतो. महिनोन्‌महिने जागरणं केलेली माणसं एका आकड्यापायी स्वतःला दोष देत बसतात. आधी तेवढंच सांगते: बहुतेक वेळा तुमचं काहीच चुकलेलं नसतं.

टॅक्रोलिमस काय किंवा सायक्लोस्पोरिन काय, दोन्ही औषधं डोनरकडून आलेल्या टी-पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, आवरून धरतात. त्या पेशींना पेशंटचं शरीर परकं वाटतं. मोकळ्या सुटल्या, तर त्या त्वचा, आतडी आणि यकृतावर तुटून पडतात. हाच जीव्हीएचडी, म्हणजे ग्राफ्ट-व्हर्सस-होस्ट डिसीज. औषध कमी पडून चालत नाही ते यासाठी. जास्त झालं, तर किडनीवर ताण येऊन क्रिएटिनिन वाढतं, बीपी चढतं, मॅग्नेशियम घसरतं, हात थरथरतात, क्वचित फिटही येते. आणि आजार ल्युकेमियाचा असेल, तर डोनरच्या पेशींनी उरलासुरला कॅन्सर शोधून मारावा हेही आपल्याला हवं असतं, त्यामुळे त्यांना पार झोपवून ठेवता येत नाही. या सगळ्यातून उरते ती अरुंद वाट म्हणजे लेव्हलची रेंज. टॅक्रोलिमससाठी साधारणपणे एका मिलिलिटर रक्तात 5 ते 15 नॅनोग्रॅम, सायक्लोस्पोरिनसाठी पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच ठिकाणी 200 ते 300. पेशंटचा धोका आणि ट्रान्सप्लांटचा प्रकार बघून डॉक्टर यातही फरक करतात. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, हेही लक्षात असू द्या.

आता डोस तोच असताना आकडा का हलतो? कारण गिळलेली सगळी गोळी रक्तात पोचतच नाही. आतड्याच्या अस्तरात आणि यकृतात सीवायपी3ए4 नावाचं एन्झाइम असतं, ते या औषधाचा मोठा भाग मोडून टाकतं. बुरशीच्या संसर्गासाठी व्होरिकोनॅझोल किंवा पोसाकोनॅझोल सुरू केलं, की हे एन्झाइम दबतं आणि टॅक्रो रक्तात साचू लागतं. म्हणून त्याच दिवशी आम्ही टॅक्रोचा डोस साधारण एक तृतीयांशावर आणतो. घरच्यांना वाटतं, एवढं मोठं ऑपरेशन झाल्यासारखं प्रकरण आणि औषध असं अचानक कमी कसं करता? आणि याची उलटी बाजू जास्त विसरली जाते: बुरशीचं औषध बंद झालं की काही दिवसांत लेव्हल खाली येते. टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिटचं फेनिटॉइन तर एन्झाइमचा जोर वाढवतात, लेव्हल धाडकन पडते. ग्रेपफ्रूट टाळायला सांगतो तेही याच एन्झाइममुळे, ते त्याला दाबतं.

जुलाबांचं मात्र नीट ऐका. जुलाब झाले म्हणजे गोळी वाहून गेली, लेव्हल कमी झाली असणार, असं सगळ्यांना वाटतं. टॅक्रोच्या बाबतीत अनेकदा उलटंच होतं. औषध मोडणारं आणि परत मागे ढकलणारं आतड्याचं अस्तरच दुखावलेलं असतं, त्यामुळे एरवीपेक्षा जास्त औषध आत शिरतं. म्हणून जुलाब लागले की आपल्या मनाने जादा गोळी देऊ नका, फोन करा.

शेजारच्या बेडवरच्या पेशंटचा डोस विचारून काही हाती लागत नाही. काहींच्या शरीरात जन्मतःच सीवायपी3ए5 हे दुसरं एन्झाइमही काम करत असतं. तेवढीच लेव्हल गाठायला त्यांना जास्त गोळ्या लागतात.

तुमच्या हातात आहे ते एकच, आणि ते फार मोलाचं आहे: वेळ खरी सांगणं. रक्त घ्यायचं ते आदल्या डोसनंतर सुमारे 12 तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी. गोळी घेऊन आलात, तर रिपोर्टवर 22 दिसेल, खरी लेव्हल 8 असेल, आणि त्या 22 वर विसंबून डोस कमी झाला तर पुढच्या आठवड्यात अंगावर जीव्हीएचडीचं पुरळ उठू शकतं. गोळी घेऊन झाली असेल तर बिनधास्त सांगा. कुणी रागावणार नाही. आम्ही रक्त दुसऱ्या दिवशी घेऊ.

सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत बसवलेली नळी, असताना नर्स हाताला सुई का टोचते, म्हणून कित्येक आया रडकुंडीला येतात. लाइनच्या ज्या नळीतून हे औषध सोडलं असेल, तिच्या आतल्या बाजूला ते चिकटून राहतं, आणि तिथूनच रक्त काढलं तर आकडा खोटाच वर दाखवतो. ती सुई अशी उगाच नसते. शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये तपासा, कारण काही पद्धतींत औषधाचे मोडलेले अवशेषही मोजले जातात. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर कळवा. दिवसातून एकदा घ्यायची आणि दोनदा घ्यायची टॅक्रो यांची तर परस्पर अदलाबदल कधीच करू नका, मिलिग्रॅम जुळत असले तरीही.

डोस बदलल्यावर “उद्याच परत बघूया” असा आग्रह होतो. नवी पातळी स्थिरावायला दोन-तीन दिवस लागतात, त्याआधीचा आकडा अर्धवट असतो.

आणि टेपरबद्दल, म्हणजे औषध हळूहळू उतरवण्याबद्दल. किडनी बसवलेल्या माणसासारखं हे औषध सहसा जन्मभर घ्यावं लागत नाही. जीव्हीएचडी नसेल, तर ट्रान्सप्लांटनंतर साधारण तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास डोस हळूहळू उतरवायला घेतात. तेव्हा रिपोर्टवर 2 बघून घाबरू नका, ती मुद्दाम खाली आणलेली असते. त्या काळात आकड्यापेक्षा तळहात, तळपाय, डोळ्यांचा पिवळेपणा, तोंडातले चट्टे आणि शौचाकडे लक्ष द्या. यातलं काही नवीन दिसलं, तर पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी कळवा.