अँबेसिडर डिझेल: हवा कुठून शिरत होती ते सापडलं

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं, चारही हीटर प्लग (थंड इंजिनात डिझेल पेटावं म्हणून आतून तापवणारे) नवे टाकले, आता थंडीचा प्रश्न मिटला. तो मिटला नव्हता. ज्यांनी ते वाचून स्वतःच्या गाडीचे प्लग बदलायला काढले असतील, त्यांनी आधी हे वाचावं.

गाडी वडिलांची, १९९४ ची. १४८९ सीसीचं डिझेल इंजिन, टाकीतून डिझेल ओढणारा साधा फीड पंप, पुढे फिल्टर, मग नोझलकडे दाबाने डिझेल पाठवणारा रोटरी पंप. त्रास असा की रात्रभर उभी राहिली की सकाळी वीस-पंचवीस सेकंद सेल्फ (स्टार्टर) मारावा लागायचा. मग एखाद-दुसरा सिलिंडर धरायचा, गाडी थरथरायची आणि मिनिटभरात सुरळीत. दुपारी मात्र चावी फिरवली की चालू. जानेवारीत निफाडचा पारा उतरला की नाशिकलाही हुडहुडी भरते, त्यामुळे सगळा दोष थंडीवर गेला.

११ जानेवारी. सेल्फ मारताना मुलीला मागे लांब उभं केलं आणि सायलेन्सरकडे बघायला सांगितलं. "बाबा, काहीच येत नाहीये." मी ज्यावर अडलो होतो ते या एका वाक्याने सुटलं. हीटर प्लग गेलेले असले तरी डिझेल सिलिंडरमध्ये पडतं, नीट पेटत नाही आणि पांढरा धूर होऊन बाहेर येतो. धूरच नाही म्हणजे डिझेल नोझलपर्यंत, म्हणजे सिलिंडरमध्ये ते फवारणाऱ्या तोटीपर्यंत, गेलेलंच नाही. नोझल उघडायला शंभराहून जास्त बार दाब लागतो. डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पाइपात फुगा असला की पंपाचा सगळा जोर तो फुगा दाबण्यातच जातो.

हवा तिथून शिरत असेल म्हणून त्याच दिवशी फिल्टरचे आणि बँजो बोल्टचे (पाइप जोडणारे पोकळ बोल्ट) कॉपर वॉशर बदलले. फरक शून्य.

१२ जानेवारी. फिल्टर आणि रोटरी पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक नळी बसवली. (फक्त तपासणीपुरती. साधी नळी डिझेलने कडक होते, कायमची ठेवू नका.) रात्री बघितलं तेव्हा नळी पिवळसर डिझेलने भरलेली. सकाळी सहाला टॉर्च मारला तर अर्धी रिकामी. सेल्फ मारला तसे मोहरीएवढे फुगे रांगेने पंपाकडे जाताना दिसले, मध्येच एक बोराएवढा. बराच वेळ बघत बसलो. इतके दिवस जे अंदाजाने चाललं होतं, ते डोळ्यांसमोर होतं.

आमच्या घरासमोर पोर्चला चढ आहे आणि गाडी तोंड वर करून लागते. टाकी मागे, म्हणजे खाली. कुठूनही हवा मिळाली की डिझेल रात्रभरात टाकीकडे उतरतं. दुसऱ्या रात्री गाडी उलटी, तोंड उताराला करून लावली. सकाळी अर्ध्या सेल्फला चालू! टाकी पाव भरलेली असताना त्रास जास्त का, तेही मग कळलं.

मिस्त्रीचाचांना फोन केला. मी गाडीखाली पुठ्ठा टाकून डिझेलचा डाग शोधत होतो, ते ऐकून म्हणाले, "डाग कशाला शोधता? फीड पंपाच्या मागे ओढ असते, दाब नसतो. तिथून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जागा कोरडीच राहणार."

संक्रांतीला काम बंद.

१५ जानेवारी. कॅनची चाचणी. फीड पंपाला टाकीचा पाइप न जोडता डिझेलच्या कॅनमधली नळी जोडली. इथे एक काळजी घ्या: कॅन बॉनेटवर ठेवू नका. उंचीमुळे डिझेल आपोआप खाली येतं आणि पुढचीही गळती झाकली जाते. कॅन जमिनीवरच हवा. गाडी पुन्हा तोंड वर करून लावली. १६ ला सकाळी लगेच चालू, नळी काठोकाठ भरलेली. म्हणजे फिल्टर, पंप, नोझल सगळं निर्दोष. दोष टाकी ते फीड पंप एवढ्यातच.

१८ जानेवारी, रविवार. तो पाइप दोन्हीकडून सोडवला, टाकीकडचं टोक बंद केलं आणि दुसरीकडून सायकलच्या पंपाने हलकी हवा भरली, चार-पाच पीएसआयच्या वर नाही. टाकीत हवा भरायची नाही, हे लक्षात असू द्या. ब्रशने साबणाचं पाणी लावत गेलो. चॅसीवरून येणारा लोखंडी पाइप जिथे रबरी नळीला मिळतो, तिथे क्लिपच्या कडेला फेस उठला. नळी बाहेरून ठणठणीत दिसत होती. काढून वाकवली तर क्लिपच्या बरोबर खाली नखाएवढी चीर, आणि रबर खारकेसारखं कडक.

नाशिकमधल्याच द्वारकेजवळून डिझेलची नवी नळी आणि दोन क्लिपा आणल्या. मग पाइपांत अडकलेली एअर काढली: आधी फिल्टरचा स्क्रू, मग रोटरी पंपाचा बाजूचा, मग वरचा, शेवटी दोन नोझलचे नट सैल करून सेल्फ. फीड पंपाचा हातलिव्हर सुरुवातीला नुसताच ढिला हलत होता. तसं झालं तर पंप बिघडला असं समजू नका. आतला कॅम (लिव्हर ढकलणारा उंचवटा) चढलेला असतो. इंजिन एक फेरा फिरवा, लिव्हरला पुन्हा जोर येतो.

आज २६ तारीख. आठ सकाळी झाल्या, गाडी चढावर तोंड वर करूनच उभी असते आणि पहिल्या सेल्फला उचलते. पारदर्शक नळी अजून काढलेली नाही, रोज सकाळी टॉर्च मारून बघतो. पुढच्या रविवारी ती काढून नोझलच्या रिटर्नचे (उरलेलं डिझेल परत नेणारे) जुने रबरी पाइप बदलायला घेणार आहे. तेही त्याच वयाचे आहेत.